सेंट लुसियाची माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये धावपटू ज्युलियन आल्फ्रेडने पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि तेव्हापासून सेंट लुसियाबद्दल विचारणा वाढली. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं आर्थर लुईसबद्दल विचारतात, कविता वाचणारे डेरेक वॉलकॉटबद्दल, आणि क्रिकेटवाले अर्थातच डॅरेन सॅमीबद्दल. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे पाहायला सांगितलं आहे.

सेंट लुसिया नेमकं कुठे आहे? केवढं आहे?

पूर्व कॅरिबियनमध्ये. उत्तरेला मार्टिनिक, दक्षिणेला सेंट व्हिन्सेंट. क्षेत्रफळ साधारण ६१७ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून जेवढे होतात जवळपास तेवढंच. लोकसंख्या मात्र पावणेदोन-एक लाख. राजधानी कॅस्ट्रीज. फ्रेंच आणि ब्रिटिश यांच्यात या बेटाचा ताबा चौदा वेळा बदलला असं सांगतात. १८१४ पासून ते ब्रिटिशांकडे राहिलं आणि २२ फेब्रुवारी १९७९ ला स्वतंत्र झालं. त्यामुळे कचेरीची भाषा इंग्रजी आहे, पण घरातली आणि बाजारातली बोली क्वेयोल, म्हणजे फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली. गावांची नावंही बहुतेक फ्रेंच.

एवढ्याशा बेटाला खरंच दोन नोबेल मिळाले आहेत का?

हो. सर आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्राचं आणि डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये साहित्याचं. लुईस यांचं पारितोषिक बेट स्वातंत्र्य मिळवतं त्याच वर्षीचं. शांततेचं नोबेल सोडून इतर कुठल्याही विषयातलं नोबेल मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

स्वतंत्र देशांमध्ये लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक नोबेल सेंट लुसियाचे, असं नेहमी लिहिलं जातं. हिशेब बरोबर आहे. पण या भागाकारावर फार वेळ थांबू नये असं मला वाटतं. पावणेदोन लाखांनी भागल्यावर कुठलाही आकडा मोठा दिसतो. ही दोन माणसं घडली कशी, ते पाहण्यासारखं आहे (‘इतक्या छोट्या जागेतून’ हा प्रश्न पाहा).

दोघांचा वाढदिवस एकच, हे खरं की सांगोवांगी?

खरं आहे. लुईस यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ चा, वॉलकॉट यांचा २३ जानेवारी १९३०. दोघेही कॅस्ट्रीजचे. दरवर्षी जानेवारीत या तारखेच्या आसपास बेटावर नोबेल सप्ताह साजरा होतो, त्यात व्याख्यानं, नाटकं आणि शाळांचे कार्यक्रम असतात.

इतक्या छोट्या जागेतून अशी माणसं निघाली कशी?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि मला सगळ्यांत जवळचाही. ‘मातीतच गुण आहे’ हे उत्तर मला पटत नाही. चरित्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली की तीन गोष्टी ठळक दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे शिक्षकांची घरं. लुईस यांचे आईवडील दोघेही शिक्षक, अँटिग्वाहून आलेले. सात वर्षांचा आर्थर आजारपणामुळे काही आठवडे घरी होता, तेव्हा वडिलांनी त्याला रोज शिकवलं. ते इतकं झालं की शाळेत परतल्यावर त्याला चौथीतून थेट सहावीत बसवलं. त्याच सुमारास वडील वारले. घरात पाच मुलगे, धाकटा पाच वर्षांचा आणि थोरला सतरा. आईने, आयडा लुईस यांनी, पाचही जणांना वाढवलं. वॉलकॉट यांच्या घरीही हेच. वडील वॉरविक जलरंगात चित्रं काढायचे, पण जुळी मुलं डेरेक आणि रॉडरिक तान्ही असतानाच ते गेले. आई अ‍ॅलिक्स शाळेत शिकवायच्या आणि शिवणकाम करायच्या.

दुसरी, एक चांगली शाळा. दोघेही कॅस्ट्रीजच्या सेंट मेरीज कॉलेजचे विद्यार्थी. बेट बहुसंख्य कॅथलिक, शाळाही कॅथलिक आणि ही दोन्ही घरं मात्र प्रोटेस्टंट.

तिसऱ्या गोष्टीबद्दल कमी बोललं जातं. ही माणसं बेट सोडून गेली. लुईस अठराव्या वर्षी लंडनला, वॉलकॉट शिष्यवृत्तीवर जमैकाला, ज्युलियन आल्फ्रेड चौदाव्या वर्षी तीही जमैकालाच. बेटाने सुरुवात दिली, पुढचं बेटाबाहेर मिळालं. गावात विद्यापीठ नाही, धावायला नीट मैदान नाही, आणि मूल हुशार आहे, अशा वेळी घरच्यांनी त्याला बोटीत किंवा विमानात बसवून दिलं. या यशाच्या हिशेबात त्या घरांनी सोसलेली ताटातूटही धरायला हवी.

आर्थर लुईस यांना अर्थशास्त्रज्ञच व्हायचं होतं का?

नाही, इंजिनिअर व्हायचं होतं. चौदाव्या वर्षी शाळा संपली, पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायला वय कमी पडत होतं. म्हणून सरकारी कचेरीत कारकुनी केली. टाइप करणं, फायली लावणं आणि कामात शिस्त ठेवणं आपण तिथे शिकलो, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. १९३२ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली. पण कृष्णवर्णीय इंजिनिअरला ना वसाहतीचं सरकार नोकरी देणार, ना गोऱ्यांच्या कंपन्या. मग त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये वाणिज्य शाखा घेतली. अर्थशास्त्र म्हणजे काय असतं हे त्यांना तेव्हा माहीतही नव्हतं.

१९३७ मध्ये पहिल्या वर्गात पदवी, १९४० मध्ये डॉक्टरेट. तिथेच शिकवू लागले तेव्हा त्या संस्थेतले ते पहिले कृष्णवर्णीय अध्यापक होते, आणि १९४८ मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक झाले. पुढे घानाच्या सरकारचे सल्लागार, वेस्ट इंडीज विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, प्रिन्स्टनला प्राध्यापक, आणि १९७० मध्ये कॅरिबियन विकास बँकेचे पहिले अध्यक्ष. १९९१ मध्ये बार्बाडोसला निधन झालं. दफन सेंट लुसियात, त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयाच्या आवारात. पूर्व कॅरिबियन डॉलरच्या शंभराच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

लुईस मॉडेल सोप्या भाषेत समजावून सांगाल का? परीक्षेला येतं.

१९५४ च्या त्यांच्या निबंधाचा विषय असा: श्रमिकांचा पुरवठा अमर्याद असलेल्या देशात विकास कसा होतो? देशात दोन क्षेत्रं धरा. एक पारंपरिक, मुख्यतः शेतीचं. तिथे तुकडाभर जमिनीवर घरातले सगळे राबतात. त्यातले दोघं बाहेर पडले तरी पीक फारसं घटत नाही. हीच ती छुपी बेकारी. दुसरं क्षेत्र आधुनिक, म्हणजे कारखाने, खाणी, मळे. तिथे मजुरी गावातल्या पोटापुरत्या कमाईपेक्षा थोडी जास्त ठेवली की माणसं येतच राहतात, आणि मजुरी वाढवावी लागत नाही. त्यामुळे नफा वाढतो, तो पुन्हा यंत्रांत गुंततो, आणखी माणसं लागतात. गावातली जादा माणसं संपेपर्यंत हे चक्र चालतं. ती संपली की मजुरी चढायला लागते. त्या टप्प्याला ‘लुईस वळणबिंदू’ म्हणतात.

मराठी वाचकाला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. रत्नागिरीतल्या चार गुंठ्यांवर भावांचा संसार, त्यातला एक परळच्या गिरणीत, महिन्याला घरी मनीऑर्डर. मॉडेलमधली दोन्ही क्षेत्रं आपल्याकडे एकाच कुटुंबात नांदत होती.

ही कल्पना सुचली कशी, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑगस्ट १९५२ मध्ये बँकॉकच्या रस्त्याने चालताना त्यांना एकाएकी जाणवलं की बरीच वर्षं डोक्यात असलेल्या दोन वेगळ्या कोड्यांचं उत्तर एकच आहे. एक कोडं औद्योगिक क्रांतीच्या काळातल्या इंग्लंडमधल्या नफ्याचं, दुसरं कॉफी आणि पोलाद यांच्या किमतींतल्या तफावतीचं. श्रमिकांची संख्या मर्यादित असते हे गृहीतक सोडलं की दोन्ही सुटतात.

हे मॉडेल आता चुकीचं ठरलं आहे ना?

त्यावर जोरदार टीका झाली, आणि सगळ्यांत नावाजलेली टीका भारतातल्या आकड्यांवर उभी होती. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा आधार घेतला. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी असलेली ‘मानमोडी’ ती हीच. लाखो माणसं गेली, आणि शुल्ट्झ यांनी दाखवलं की त्यानंतर लागवडीखालचं क्षेत्रही घटलं. शेतावरची माणसं खरोखरच ‘जादा’ असती तर तसं झालं नसतं, हा त्यांचा मुद्दा. पुढे अमर्त्य सेन यांनी शुल्ट्झ यांच्याच युक्तिवादाची उलटतपासणी केली.

गंमत अशी की १९७९ चं नोबेल लुईस आणि शुल्ट्झ यांना विभागून मिळालं. परीक्षेत दोघांची नावं लिहा आणि मतभेदही लिहा. मॉडेलचा ढाचा आजही कामाला येतो, चीनमधली मजुरी चढू लागली तेव्हा अर्थतज्ज्ञांनी वळणबिंदूचीच चर्चा केली. पण ‘माणूस काढला तरी उत्पादन घटत नाही’ हे जसंच्या तसं कोणी धरत नाही.

डेरेक वॉलकॉट यांचं काय वाचावं?

सुरुवात छोट्या कवितांनी करावी. ‘ओमेरोस’ (१९९०) हे त्यांचं सर्वांत मोठं काव्य, पण ते एका बैठकीत वाचायचं नाही. ग्रीक महाकाव्यातली नावं त्यात सेंट लुसियाच्या कोळ्यांना दिली आहेत. अकील आणि हेक्टर होड्या वल्हवतात, आणि त्यांचं वैर घरकाम करणाऱ्या हेलनवरून. या बेटाला ‘वेस्ट इंडीजची हेलन’ म्हणायची रीत जुनीच, कारण दोन साम्राज्यं त्यावरून भांडली. काव्याच्या सुरुवातीलाच फिलोक्टीट नावाचा कोळी पर्यटकांना सांगतोय, होड्यांसाठी झाडं कशी तोडली. पर्यटक फोटो काढताहेत. थोडे जास्त पैसे दिले तर तो पायावरची जखमेची खूणही दाखवतो. त्या एका प्रसंगात बेटाचं आजचं सगळं अर्थकारण आलं आहे.

त्यांची सुरुवातही सांगायला हवी. चौदाव्या वर्षी पहिली कविता स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली. ती धर्मविरोधी आहे म्हणून एका कॅथलिक धर्मगुरूने छापून झोडपली. अठराव्या वर्षी पहिला संग्रह स्वतः काढायचा ठरवला. त्यासाठी आईकडे दोनशे डॉलर मागितले. शिक्षिकेच्या पगारात ही रक्कम लहान नव्हती. आईने कुठून तरी जमवून दिली. पंचवीस कवितांचं पुस्तक त्रिनिदादला छापून आलं आणि डेरेकने मित्रांना, रस्त्यात भेटणाऱ्यांना प्रती विकून आईचे पैसे फेडले. साल १९४८. त्याच वर्षी जूनमध्ये कॅस्ट्रीजचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला आणि त्यावर त्यांनी लिहिलेली कविता आजही संकलनांत असते.

वॉलकॉट यांचा भारताशी काही संबंध होता का?

होता, आणि तो त्यांच्या नोबेल भाषणाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. डिसेंबर १९९२ मध्ये स्टॉकहोमला बोलताना त्यांनी सुरुवात केली ती त्रिनिदादमधल्या फेलिसिटी या गावापासून. ऊसमळ्यांवर आणलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचं हे गाव. तिथे मैदानावर रामलीला चालली होती. हातात धनुष्यबाण घेतलेली मुलं, जाळायला उभारलेला बांबूचा उंच पुतळा. वॉलकॉट यांनी नुकतंच होमरच्या काव्यावरून नाटक लिहिलं होतं, पण रामायणाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. प्रथम त्यांना वाटलं, हा नाट्यप्रयोग आहे. मग लक्षात आलं की त्या मुलांच्या लेखी हे नाटक नाहीच, ही श्रद्धा आहे. आपण हे सगळं हरवलेल्या गोष्टीची पडछाया समजून पाहत होतो, ही आपली चूक, असं त्यांनी त्या सभेत मोकळेपणाने सांगितलं. फुटलेल्या भांड्याचे तुकडे जुळवणारं प्रेम ते भांडं अखंड असतानाच्या प्रेमाहून बळकट असतं, हा त्या भाषणातला विचार कॅरिबियनच्या सगळ्याच लोकांना लागू पडतो.

खुद्द सेंट लुसियातही १८५९ पासून भारतीय करारबद्ध मजूर आले. संख्या त्रिनिदाद किंवा गयानाच्या मानाने फार कमी, त्यामुळे भाषा आणि सण तिथे तसे टिकले नाहीत.

वॉलकॉट त्रिनिदादचे ना? आणि भालाफेकपटू वॉलकॉट त्यांचेच कोणी?

डेरेक वॉलकॉट १९५३ पासून दोनेक दशकं त्रिनिदादला राहिले आणि १९५९ मध्ये तिथे नाट्यसंस्था उभी केली, म्हणून हा गोंधळ. जन्म, शाळा आणि अखेरची वर्षं मात्र सेंट लुसियाची. मृत्यूही तिथेच, १७ मार्च २०१७ ला. मधल्या काळात ते बॉस्टनला शिकवत होते.

आडनावावर जाऊ नका. नीरज चोप्राच्या स्पर्धांमुळे आपल्याला ठाऊक झालेला केशॉर्न वॉलकॉट त्रिनिदादचा. १९४८-४९ च्या दौऱ्यात भारतात धावा कुटणारे क्लाइड वॉलकॉट बार्बाडोसचे.

ऑक्सफर्डचं प्रकरण काय होतं?

२००९ मध्ये ऑक्सफर्डच्या काव्य-प्राध्यापकपदासाठी वॉलकॉट उमेदवार होते. अमेरिकेतल्या विद्यार्थिनींनी पूर्वी केलेल्या लैंगिक छळाच्या तक्रारींची कागदपत्रं तेव्हा निनावी पाठवली गेली आणि त्यांनी माघार घेतली. कविता थोर आहे म्हणून हे झाकून ठेवावं, असं मला वाटत नाही. त्यांच्याबद्दल लिहिताना हेही लिहावं.

ज्युलियन आल्फ्रेडने नेमकं काय केलं?

३ ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. महिलांच्या शंभर मीटरमध्ये तिने १०.७२ सेकंद वेळ दिली आणि अमेरिकेच्या शा’कॅरी रिचर्डसनला स्पष्ट अंतराने मागे टाकलं. सेंट लुसियाचं हे पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. तीनच दिवसांनी दोनशे मीटरचं रौप्यही तिने घेतलं. त्याआधी मार्चमध्ये ग्लासगोला साठ मीटरची जागतिक इनडोअर विजेती झाली होती. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरचं कांस्य मिळवलं.

ती बारा वर्षांची असताना वडील वारले. चौदाव्या वर्षी एकटी जमैकाच्या शाळेत गेली, मग टेक्सास विद्यापीठात. जिंकल्यावर तिने सांगितलं की लहानपणी आपण अनवाणी, शाळेच्या गणवेशात धावायचो आणि सोयी जेमतेमच होत्या. त्या बोलण्यामागची एक वस्तुस्थिती: २००९ मध्ये बेटाच्या दक्षिणेतलं मोठं रुग्णालय जळालं आणि ते तिथल्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हलवावं लागलं. पुढे कित्येक वर्षं त्या स्टेडियममध्ये रुग्ण होते.

डॅरेन सॅमीचं स्थान एवढं मोठं का?

२००७ मध्ये कसोटी खेळणारा तो सेंट लुसियाचा पहिला खेळाडू. पदार्पणातच मँचेस्टरला दुसऱ्या डावात ६६ धावांत ७ बळी. तोपर्यंत वेस्ट इंडीज संघ म्हणजे मुख्यतः बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि गयाना असं समीकरण होतं. मिकू या गावचा हा मुलगा पुढे कर्णधार झाला आणि २०१२ व २०१६ असे दोन टी-२० विश्वचषक जिंकले. दोनदा जिंकणारा तो पहिला कर्णधार.

मुंबईकरांना ३१ मार्च २०१६ ची वानखेडेची उपांत्य लढत आठवत असेल. भारताच्या १९२ धावा वेस्ट इंडीजने दोन चेंडू राखून पार केल्या. लेंडल सिमन्सच्या नाबाद ८२ धावा सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण डाव सावरणाऱ्या जॉन्सन चार्ल्सच्या ५२ धावा विसरू नका, कारण चार्ल्सही सेंट लुसियाचाच. २०२३ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ३९ चेंडूंत शतक ठोकलं. ग्रोस आयलेटच्या मैदानाला आता सॅमीचं नाव आहे. जून २०२४ मध्ये रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ फटकावल्या त्या तिथेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेंट लुसिया किंग्ज पहिल्यांदा कॅरिबियन प्रीमियर लीग जिंकले, तेव्हा प्रशिक्षक सॅमी होता.

मग क्रिकेटमध्ये वेस्ट इंडीज आणि ऑलिंपिकमध्ये सेंट लुसिया, असं का?

वेस्ट इंडीज हा देश नाही, अनेक बेटांचा आणि गयानाचा मिळून एक क्रिकेट संघ आहे. ऑलिंपिकमध्ये प्रत्येक देशाची स्वतंत्र समिती. सेंट लुसिया पहिल्यांदा उतरलं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये.

बेट न सोडता मोठं झालेलं कोणी नाही का?

आहेत, आणि हा प्रश्न आणखी लोकांनी विचारावा असं वाटतं. सेसेन देकार्त (१९१४-२०१०) यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. त्याही मिकूच्या. तिथे ‘ला रोज’ आणि ‘ला मार्गरीत’ अशा दोन पुष्पमंडळांची चुरस चालते, आपल्या कलगी-तुऱ्यासारखी. प्रत्येकाचा राजा, राणी, न्यायाधीश, शिपाई असा लवाजमा, आणि गाण्याची धुरा मुख्य गायिकेकडे. सेसेन या ‘ला रोज’च्या मुख्य गायिका. ज्या काळात शाळेत क्वेयोल बोलणं कमीपणाचं मानत, त्या काळात त्यांनी त्याच भाषेतली गाणी जपली. पुढे त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

दुसरं नाव डेम पर्लेट लुईझी यांचं. शिक्षिका, मग प्राचार्या, १९९७ ते २०१७ गव्हर्नर-जनरल, आणि त्या पदावरच्या पहिल्या महिला. क्वेयोलचा त्यांनी कायम आग्रह धरला.

चित्रकार डन्स्टन सेंट ओमर (१९२७-२०१५) हे वॉलकॉट यांचे तरुणपणापासूनचे मित्र. निळ्या पार्श्वभूमीवरचे त्रिकोण असलेला देशाचा ध्वज त्यांनीच रेखाटला. ते त्रिकोण म्हणजे सूफ्रिएरजवळ समुद्रातून उभे राहिलेले पितों हे दोन डोंगर. रोझो खोऱ्यातल्या चर्चच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेलं पवित्र कुटुंब कृष्णवर्णीय आहे, आणि भोवतालची माणसं त्या खोऱ्यातली.

सम्राज्ञी जोसेफीन सेंट लुसियाची होती का?

नेपोलियनची पहिली पत्नी जोसेफीन १७६३ मध्ये मार्टिनिकला जन्मली, असं इतिहासकार मानतात. तिच्या वडिलांची सेंट लुसियात जमीन होती, त्यामुळे तिचा जन्म इथलाच, असा दावा बेटावर केला जातो. आम्ही तिला सेंट लुसियाच्या माणसांच्या यादीत घेत नाही.

जन्म एकीकडे आणि कर्तृत्व दुसरीकडे असेल तर कोणाला ‘सेंट लुसियाचं’ म्हणायचं?

सरसकट नियम चालत नाही. पहिले पंतप्रधान सर जॉन कॉम्प्टन सेंट व्हिन्सेंटच्या कानुआन बेटावर जन्मले, तरी त्यांना परकं म्हणणं हास्यास्पद ठरेल. उलट अभिनेते जोसेफ मार्सेल कॅस्ट्रीजला जन्मले, लहानपणीच ब्रिटनला गेले, आणि जगाला माहीत झाले ते अमेरिकन मालिकेतल्या बटलरच्या भूमिकेमुळे. ते दोन्हीकडचे. कवयित्री कनीशिया लुब्रिन सेंट लुसियात जन्मल्या, कॅनडात राहून लिहितात, आणि २०२१ मध्ये त्यांना ग्रिफिन काव्य पारितोषिक मिळालं. कॅनडा त्यांना आपलं म्हणतो, सेंट लुसियाही म्हणतं. आमच्या यादीत त्या आहेत.